करवीरच्या वाटा : माहात्म्यांतील यात्राक्रम आणि शहराची रचना

माहात्म्यग्रंथांस इतिहासाचें साधन म्हणावें कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. अस्सल कागदांवर विसंबणारा संशोधक माहात्म्याचें बाड हातीं आलें म्हणजे प्रथम तें बाजूस सारतो. कारण त्यांत शक नाहीं, मिति नाहीं, राजाचें नांव असलें तर तें सत्ययुगांतलें, आणि प्रत्येक कुंडांत स्नान केल्यानें कोटि यज्ञांचें फळ. ही नावड समजण्यासारखी आहे. परंतु हे ग्रंथ कोणासाठीं लिहिले गेले हें विचारावयाचें त्यामुळें राहूनच जातें. गांवांत जन्मलेल्या मनुष्यास आपल्या गांवचें तळें कोठें आहे हें सांगावें लागत नाहीं. तें सांगावें लागतें परक्यास. शेंकडों कोस चालून आलेला, वेस ओलांडतांच चार रस्ते दिसून गोंधळलेला, पूजक कोणास म्हणावें आणि भोंदू कोणास हें न कळणारा असा जो यात्रेकरू, त्याच्या उपयोगाचें जें कांहीं, तें माहात्म्यांत सांगितलेलें असतें : आधीं कोठें स्नान, मग कोणतें दर्शन, तेथून कोणत्या दिशेस जावें. फलश्रुति वजा केली म्हणजे जें उरतें, तें बहुतेक ठिकाणीं वाटाड्याची वहीच होय.

महानुभावांनीं हें काम उघडपणें केलें. चौदाव्या शतकांतील ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामींच्या वास्तव्यानें पुनीत झालेल्या जागांची नोंद आहे. आणि ती नोंद करणाराची दृष्टि मोजणीदाराची आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास मठ, कोणत्या अंगास विहीर, इतकें तो सांगतो. भाविकानें त्या जागीं डोकें टेकावें हा हेतु. परंतु यादवकालीन गांवांची रचना कशी होती हें समजण्यास आज त्याहून चांगलें साधन क्वचित् सांपडेल. पैठणाहून काशीस गेलेल्या घराण्यांतील नारायणभट्टांनीं सोळाव्या शतकांत ‘त्रिस्थलीसेतु’ रचिला. तो धर्मनिर्णयाचा ग्रंथ खरा. पण प्रयाग, काशी व गया येथें येणाऱ्या परस्थ मनुष्याची अडचण त्यांच्या नजरेसमोर सतत होती, हें कोणाही वाचकास दिसेल. ‘करवीरमाहात्म्य’ याच दृष्टीनें वाचावें, असें सुचविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

पद्मपुराणांतर्गत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या ग्रंथानें करवीर क्षेत्र काशीहून यवभर अधिक ठरविलें आहे, अशी परंपरा सांगते. यवभर कां, याची चर्चा पुराणिकांनीं करावी. आपल्या कामाची गोष्ट निराळी. क्षेत्राचा विस्तार पांच कोसांचा धरला आहे. म्हणजे ‘करवीर’ हें एका गांवाचें नांव नसून अनेक वस्त्यांना मिळून दिलेलें नांव आहे. हेंच मत दुसऱ्या मार्गानेंही निघतें. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा जुन्या वस्त्या वाढत वाढत एकमेकींस भिडल्या व त्यांचें कोल्हापूर झालें, असें शहराच्या इतिहासकारांनीं मानिलें आहे. या सहांपैकीं ब्रह्मपुरीचें प्राचीनत्व तर कुदळीनेंच सिद्ध केलें. १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें श्री. हसमुख सांकळिया व श्री. मोरेश्वर दीक्षित यांनीं पंचगंगेकांठच्या त्या टेकाडावर उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आली. याच टेकाडावर सांपडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, लहानशी धातुमूर्ति शहराच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. विळिवायकुर वगैरे राजांचीं नाणीं कोल्हापुरास मिळाल्यामुळें, टॉलेमीनें ‘बालेओकुरस’ याची राजधानी म्हणून सांगितलेलें ‘हिप्पोकुरा’ तें हेंच, असें रामकृष्णपंत भांडारकरांनीं सुचविलें होतें. तें मान्य असो वा नसो, समुद्रापलीकडचा माल येथें येत होता, आणि मालाबरोबर परका मनुष्यही येत होता, एवढें निश्चित. पुढें शिलाहार गंडरादित्याच्या काळच्या, शके १०५८ च्या शिलालेखांत, व्यापाऱ्यांच्या संघानें येथील जैन बसदीस दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे या नगरीस येणारे दोन तऱ्हेचे : एक तीर्थासाठीं, दुसरा बाजारासाठीं. माझ्या मतें शहराची सारी रचना या दोन पाहुण्यांनीं ठरविली आहे. याचा पुरावा पोथींत नाहीं. वेशींच्या नांवांत आहे.

कोल्हापूरच्या तटास सहा वेशी होत्या. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस. आदितवारवेस, मंगळवारवेस, शनिवारवेस. या यादीकडे क्षणभर नुसतें पाहावें. पहिल्या तिघी पाण्याच्या नांवाच्या, दुसऱ्या तिघी वारांच्या नांवाच्या. पाण्याच्या वेशी शहराच्या मावळत्या अंगास आहेत, कारण नदी, तळें व तीर्थ त्या बाजूस. वारांच्या वेशी उरलेल्या अंगांस, जिकडून मिरज, वडगांव, कागल येथील गाड्या व बैल येत. वाराचें नांव म्हणजे बाजाराचें नांव, हें पुण्याच्या पेठांवरून सर्वांस ठाऊक आहे. ‘पेठ’ हा शब्दच मुळीं दाक्षिणात्य भाषांतून आपल्याकडे आला. यात्रेकरू पाण्याच्या वेशीनें शिरत असे, व्यापारी वाराच्या वेशीनें. यापेक्षां स्पष्ट दिग्दर्शन कोणत्या पाटीनें केलें असतें?

माहात्म्याचा क्रमही याशीं जुळतो. आधीं पंचगंगेचें स्नान. मग नदीवरून गांवांत येऊन देवीचें दर्शन. देवी पश्चिमाभिमुख आहे. महाद्वार पश्चिमेस, घाटी दरवाजा उत्तरेस. दक्षिण व पूर्व दिशांनाही द्वारें आहेत. नदीकडून आलेला मनुष्य महाद्वारांतून आंत शिरे, तो देवीच्या समोरून शिरे. दरवर्षीं जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मावळत्या सूर्याचे किरण याच दारानें आंत येऊन ओळीनें पहिल्या दिवशीं देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशीं मध्यभागीं व तिसऱ्या दिवशीं मुखावर पडतात, तो किरणोत्सव. त्या किरणांची वाट आणि यात्रेकरूची वाट एकाच बाजूची आहे. अलीकडे त्या वाटेंत उंच इमारती उभ्या राहिल्यामुळें किरण अडतात व त्यांचीं मोजमापें घेण्याची वेळ येते. ज्या बांधणाऱ्यांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं हा कोन साधला, त्यांना आपल्यापुढें मजले चढतील हें सुचलें नसावें.

येथें एका तारखेचा खुलासा करून ठेवतों, कारण ती छापील लेखांत वरचेवर येते. संकटकाळीं पूजकाच्या घरीं गुप्त ठेविलेली देवीची मूर्ति संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत सिधोजी घोरपडे यांच्या हस्तें पुन्हां देवळांत बसविली गेली, असें सांगतात. आणि त्याची तारीख विजयादशमी, सोमवार, २६ सप्टेंबर १७१५ अशी देतात. नवीन पद्धतीच्या पंचांगानें पाहिलें तर त्या दिवशीं गुरुवार येतो व दशमीही येत नाहीं. म्हणून कोणी ही मिति खोटी ठरवील. परंतु तारीख जुन्या, ज्यूलियन, पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनें तो ७ आक्टोबर, वार सोमवार, शके १६३७, मन्मथनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी. तिथि व वार दोन्ही बरोबर जमतात. अर्थात् तारीख जमली म्हणजे घटना सिद्ध झाली असें नव्हे, पण जुन्या कागदावरून उतरलेली ती असावी, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां शहराचें तोंड कसें फिरलें तें पाहूं. १८८८ त मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कामास आरंभ झाला आणि १८९१ च्या एप्रिलांत गाडी सुरू झाली. स्थानक उगवतीस झालें. १८९५ त त्याच्या जवळच शाहू महाराजांनीं शाहुपुरी ही नवी पेठ वसविली व गुळाचा व्यापार तेथें गेला. मागाहून लक्ष्मीपुरी व राजारामपुरी झाल्या. १९७१ त रूळ रुंद झाले. मोटारींचा मध्यवर्ती अड्डाही स्थानकापासून फार लांब नाहीं. याचा परिणाम असा कीं आज कोल्हापुरास येणारे दहांपैकीं नऊ पाहुणे बाजाराच्या बाजूनें येतात, मग ते देवदर्शनास आलेले कां असेनात. ते दसरा चौक, बिंदु चौक, भवानी मंडप असे सरकत देवळास जातात, म्हणजे देवीच्या पाठीमागून येतात. नदी त्यांस सर्वांच्या शेवटीं दिसते, किंवा दिसतच नाहीं. माहात्म्यानें सांगितलेला क्रम असा उलटा झाला. आणि तो कोणी आज्ञापत्र काढून उलटविला नाहीं, एका स्थानकानें उलटविला. या उलट्या वाटेनें चालणारास जुनें शहर गोंधळाचें वाटतें, गल्ल्या अकारण वळतात असें वाटतें. गंगावेशींतून चालत या, म्हणजे त्या वळणांचा अर्थ लागतो.

तीर्थांची गोष्ट याहून करुण आहे. माहात्म्य हातीं घेऊन कपिलतीर्थावर स्नानास जाणारास तेथें भाजीची मंडई लागते. शहराचें ग्रामदैवत जो कपिलेश्वर, तो भाजीच्या टोपल्यांच्या सोबतीस आहे. वरुणतीर्थ बुजून त्याचें गांधी मैदान झालें. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभें राहिलें, तेथें चेंडूचे सामने होतात व प्रेक्षक हजारांनीं जमतात. कोटितीर्थ व रंकाळा मात्र पाण्यासह शिल्लक आहेत. तळीं बुजविणाऱ्यांस सरसकट दोष देण्यांत अर्थ नाहीं. सांचलेल्या पाण्यानें रोगराई होई, आणि वाढत्या वस्तीस मोकळी जागा हवी होती. परंतु नांव उरलें आणि पाणी गेलें म्हणजे नांवाचा अर्थ पुढील पिढीस कळत नाहीं. पाऊस मात्र नांव विसरत नाहीं. मोठी सर आली म्हणजे गांधी मैदानांत पुन्हां वरुणतीर्थ होतें. ज्यास आज आपण जयंती नाला म्हणतों त्याचें नांव नाल्याचें नव्हे, नदीचें आहे. २०१९ च्या आगष्टांत आणि पुनः २०२१ च्या जुलैंत पंचगंगा फुगली, तेव्हां त्या नाल्याच्या दोन्ही अंगांस शाहुपुरी व लक्ष्मीपुरीच्या सखल भागांत पाणी चढलें. नदीच्या नांवाचा प्रवाह नाला म्हणून नकाशांत काढला, म्हणून तो नदीप्रमाणें वागावयाचा राहत नाहीं. जुन्या पोथींतील तीर्थांची यादी ही नुसत्या पुण्याची यादी नसून शहराच्या पाण्याची यादी आहे, हें ज्यांच्या हातीं नगररचना आहे त्यांस कोणी तरी सांगावयास पाहिजे.

तळ्यांच्या नांवांविषयीं एक शंका नमूद करतों. रंकाळा हें नांव रंकभैरवावरून पडलें असें सांगतात, आणि ‘रंक’ या पूर्वपदापुरतें तें ठीकच आहे. पण पद्माळा, पेटाळा, सिद्धाळा, खंबाळा हीं तळ्यांचींच नांवें त्याच शेवटाचीं आहेत. पांच नांवांचा शेवट एक असतां तो पांच निरनिराळ्या ‘आलयां’वरून आला असें मानण्यापेक्षां, पाण्याच्या खळग्यास लोक एके काळीं जो शब्द वापरीत तो या शेवटांत राहिला आहे असें मानणें मला अधिक सयुक्तिक वाटतें. झाडाच्या बुंध्याभोंवतीं पाण्यासाठीं करितात त्यास मराठींत आळें म्हणतात. संस्कृतांतील ‘आलवाल’ तें हेंच. मोठ्या आळ्यास, म्हणजे तळ्यास, तोच शब्द लागला असेल. कानडी जाणणारांनीं याचा विचार अवश्य करावा. मला या भाषेचें ज्ञान बेताचें आहे.

तट गेला, वेशी गेल्या. बिंदु चौकालगत तटाचा तुकडा उभा आहे, तेवढाच डोळ्यांनीं दिसतो. (हा चौक १९४२ च्या आंदोलनांतील हुतात्मा बिंदु नारायण कुलकर्णी यांच्या नांवाचा आहे, त्याचा ठिपक्याशीं संबंध जोडणारे पाहुणे मीं पाहिले आहेत.) परंतु कोल्हापूरचा मनुष्य पत्ता सांगतांना घराच्या क्रमांकावर कधींच विसंबत नाहीं. ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड कागदांवर आहेत. तोंडीं मात्र तालीम, तिकटी आणि देऊळ. ‘पापाच्या तिकटीवरून खालीं’, ‘मिरजकर तिकटीच्या अलीकडे’. तीन वाटा जेथें मिळतात ती तिकटी आणि चार मिळतात तो चौक. पैकीं ‘चौक’ हा संस्कृत ‘चतुष्क’ याचा वंशज असून अवघ्या महाराष्ट्रांत चालतो. ‘तिकटी’ मात्र या बाजूस जितकी ऐकूं येते तितकी पुण्याकडे नाहीं. गुजरींत आज सराफांचीं दुकानें आहेत. शब्दाचा जुना अर्थ संध्याकाळीं रस्त्याच्या कडेस भरणारा बाजार असा आहे.

तालमींपैकीं एकीचें नांव ‘तटाकडील तालीम’. एखादा संस्कृतज्ञ येथें हटकून फसावयाचा. ‘तटाक’ म्हणजे तळें. तेव्हां तळ्याजवळची तालीम, असा अर्थ सहज सुचतो, आणि तळ्यांच्या या गांवांत तो शोभतोही. पण शेजारींच दुसरी तालीम आपली साक्ष देण्यास उभी आहे. तिचें नांव ‘पाटाकडील’. पाटा-कडील, तशी तटा-कडील. एक पाण्याच्या पाटाजवळची, दुसरी गांवाच्या तटाजवळची. दगडी तट नाहींसा झाला तरी मल्लांच्या तोंडीं तो अद्याप उभाच आहे. कागदांचा शोध करणारांनीं आखाड्यांकडे जाण्याची फारशी रीत नाहीं, ती पडावी.

माहात्म्याच्या वाटाड्यापणास एक मोठी मर्यादा आहे, ती लपवून ठेवणें इतिहासाशीं बेइमानी होईल. तें ज्यास वाट सांगतें तो मनुष्य अमुक वर्णाचाच आहे असें त्यानें गृहीत धरिलें आहे. उतरावयास मठ, जेवावयास ओळखीचें घर, पाण्यास तीर्थ, हें ज्यांस मिळत होतें त्यांच्यासाठीं ती वही. ज्यांस पाणवठ्यावर, धर्मशाळेंत किंवा देवळाच्या पायरीवर येऊं दिलें जात नव्हतें, त्यांच्या वाटा कोणत्या पोथींत नाहींत. दत्तात्रेय स्नान काशीस करितात, भिक्षा कोल्हापुरास मागतात व निद्रा माहुरास घेतात, अशी समजूत आहे. या शहरीं रोज येणारा सर्वांत जुना पाहुणा तोच म्हणावयाचा. परंतु भिक्षा घालतांना जात विचारणारें गांव देवास ओळखीलच असें नाहीं. १९०१ पासून शाहू महाराजांनीं निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं, तेव्हां खेड्यांतून येणाऱ्या मुलास या शहरांत पहिल्यानें हक्कानें टेकावयास जागा झाली. १९१९ त सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथें अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम निघाले. गंगाराम कांबळे यांनीं काढलेल्या चहाच्या दुकानासमोर महाराज गाडी थांबवीत व तेथील चहा घेत, ही गोष्ट कोल्हापुरांत लहान मुलासही ठाऊक आहे. शहरांतील वाटांचा इतिहास लिहितांना हे हुकूम आणि हें दुकान यांचें स्थान माहात्म्याच्या कोणत्याही अध्यायाहून खालचें नाहीं. कारण रस्ता असणें आणि तो आपल्यासाठीं असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

जुन्या मार्गांपैकीं एक मात्र पुस्तकांत नव्हे, पायांत टिकला आहे. नवरात्रांत अष्टमीच्या रात्रीं देवी वाहनांत बसून नगरप्रदक्षिणेस निघते. महाद्वारांतून गुजरी, भाऊसिंगजी रस्ता, भवानी मंडपांत तुळजाभवानीची भेट, गुरुमहाराजांचा वाडा, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणपति आणि पुन्हां महाद्वार. हा फेरा पश्चिमेकडून उत्तरेस, उत्तरेकडून पूर्वेस व मग दक्षिणेवरून परत असा, देऊळ उजवीकडे ठेवून होतो. फेऱ्याची लांबी लहान आहे. पांच कोसांच्या करवीराशीं तिचा मेळ नाहीं. मग ही प्रदक्षिणा कोणत्या नगराची? उत्तर, रंकाळा किंवा ब्रह्मपुरी यांपैकीं कोणतीही वस्ती जींत येत नाहीं, अशा एका आंतल्या गांवाची. देवळाभोंवतालच्या त्या मूळ वस्तीची सीमा या पालखीच्या वाटेंत जपली गेली असावी, असा माझा तर्क आहे. आणि तो तपासून पाहण्यास साधन आहे.

तें साधन ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यासाठीं शेवटचे दोन शब्द. ‘करवीरमाहात्म्या’च्या पोथ्या व यात्राविधीचीं सुटीं बाडें संग्राहकांकडे येतात, तेव्हां पहिला अध्याय, शेवटचा अध्याय व लेखनकाळ एवढें नोंदून पोथी बांधली जाते. मधल्या तीर्थांच्या याद्या कोणी उतरून घेत नाहीं, कारण त्या कंटाळवाण्या असतात. प्रत्येक पोथींतील तीर्थांचा क्रम जसाच्या तसा, पाठभेदांसह उतरून घ्यावा. एखादें तीर्थ एका पोथींत आहे व दुसरींत नाहीं, किंवा त्याची दिशा बदलली आहे, तर ती लेखकाची चूक समजून सुधारूं नये. तें तळें त्या दोन लेखनकाळांच्या दरम्यान बुजलें असेल. समासांत परक्या हातानें लिहिलेलें ‘सांप्रत येथें उदक नाहीं’ अशा तऱ्हेचें टिपण आढळलें तर त्याचें मोल मूळ श्लोकाहून अधिक धरावें. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत यजमानांचीं गांवें व पिढ्या नोंदलेल्या असतात. तशा वह्या करवीरांतील घरांतून निघाल्यास कोणत्या गांवचा यात्रेकरू कोणत्या घरीं उतरे हें कळेल, आणि घरावरून वेस कळेल.